एप्रिलमध्ये नाशिकच्या वायनरीत बघायचं तरी काय?

सावली_शोधते
मंडळी, सल्ला हवाय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न आहे नाशिकला. आम्ही दोघं ठाण्याहून आणि आई-बाबा पुण्याहून येणार. लग्नाच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ आहे. आईने अचानक जाहीर केलंय की तिला वायनरी बघायची आहे. आई पीत नाही, बाबा तर नाहीच नाही. पण "एवढं नाव ऐकतो, एकदा बघू तरी काय असतं ते" असं तिचं म्हणणं.

नाशिकच्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "एप्रिलात? नुसती लाकडं बघायला?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय. खरंच काही नसतं का त्या दिवसांत? द्राक्षं तर गेलेली असणार. उन्हात म्हाताऱ्यांना फिरवण्यात अर्थ आहे का? आणि त्या वर्षीची नवी वाइन तोवर तयार होते का, की बाटलीत गेल्या वर्षीचीच असते?

घाटावरचा
मैत्रीण बरोबर बोलली. लाकडंच बघाल. जानेवारी-फेब्रुवारीत जा, थंडीही असते आणि द्राक्षंही.

उन्हाळकांदा
लग्न फेब्रुवारीत घ्यायला सांगा. चुलतभाऊ घरचाच आहे, ऐकेल.

डोंबिवलीची_काकू
@घाटावरचा, इतकं पण नाही हो. आम्ही मार्चअखेर गेलो होतो, गंगापूर धरणाच्या बाजूला. लाल द्राक्षांचा शेवटचा माल येत होता. निळ्या क्रेटांची थप्पी आणि तिच्यावर मधमाश्यांचा नुसता गोंगाट. आमच्या सासूबाईंनी एक मणी उचलून तोंडात टाकला आणि लगेच तोंड वाकडं केलं. "हे काय, बीच जास्त आणि साल चामड्यासारखी!" बाजारातलं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष यांत किती फरक असतो ते त्या एका मण्याने कळलं. मणी वाटाण्याएवढा, बिया दोन-तीन, साल जाड, आणि गोडी मात्र अशी की बोटं एकमेकांना चिकटतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तेही नसेल बहुधा. पण ऊन टाळून संध्याकाळी पाचनंतर जा. नाशिकचा उन्हाळा दुपारी भाजतो, पण सूर्य कलला की वारा सुटतो. पुण्या-मुंबईपेक्षा रात्र बरी असते.

बागाईतदार_निफाड
बराच वेळ नुसतं वाचत होतो, पण "लाकडं" वाचून राहवलं नाही.

ताई, एप्रिलमधी बाग बघणं म्हणजे बाळंतिणीची खोली बघणं. वरून काही दिसत नाही, पण वर्षाचं सगळं तिथंच ठरतं. माल तुटला की वेलीला पंधरा-वीस दिवस विसावा देतो, थोडं खत, थोडं पाणी. मग खरड छाटणी. म्हणजे वर्षभराच्या सगळ्या काड्या कापून टाकायच्या आणि ओलांड्यावर प्रत्येक काडीचे एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, ठेवायचे. ओलांडा म्हणजे तारेवरून आडवा गेलेला जाड हात. छाटणी झाल्यावर बाग उघडीबोडकी दिसते, तुमच्या मैत्रिणीला वाटतात ती लाकडं हीच. पण पाणी दिलेलं असलं तर सकाळी कापलेल्या टोकाशी जाऊन बघा. थेंब जमतो, पडतो, परत जमतो. आमची आजी म्हणायची, वेल रडतीय, तिला आता बोलू नका.

त्यानंतर कोवळ्या फुटी येतात. या फुटींच्या डोळ्यात एप्रिल-मे-जूनच्या उन्हात पुढच्या हंगामाचा घड बारीक रूपात तयार होतो. नुसत्या नजरेला दिसत नाही, वेलीचा डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसतो. त्याच वेळी आभाळ भरून राहिलं तर घड जिरतो, त्याची बाळी होते, आणि ते आम्हाला कळतं ऑक्टोबर छाटणीनंतर. तेव्हा रडून उपयोग नाही. वाइनच्या बागेत दुसरी छाटणी सप्टेंबरपासूनच सुरू होते, पण गोष्ट तीच. म्हणजे पुढच्या जानेवारीत जी द्राक्षं तुटणार, त्यांची तयारी तुम्ही बघायला याल त्या "लाकडांतून" फुटणाऱ्या कोवळ्या फुटींतच सुरू होणार असते.

एक विनंती. फुटी दोन-तीन पानांच्या असताना बागेत शिरून हात लावू नका. नखानं सुद्धा मोडतात. शिवाय त्याच दिवसांत उडद्या किडा कोवळ्या डोळ्यांवर पडतो, त्यामुळे फवारा चालू असू शकतो. विचारून आत जा.

सावली_शोधते
बागाईतदार दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तर जायलाच पाहिजे."

घाटावरचा
सुंदर लिहिलंय, मान्य. पण दादा, पर्यटकाला डोळ्यातला घड कोण दाखवणार? त्याला दिसणार उन्हात तापलेल्या तारा आणि खांब. मी चवीला गेलो होतो एप्रिलमध्ये, बाहेर पाच मिनिटं थांबवलं, मग थेट एसी हॉल.

सॅक्रामेंटोकर
इथे कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हणजे मे-जूनमध्ये वेलीला फुलोरा असतो. एवढासा हिरवट, फूल म्हणून ओळखूही येत नाही, पण वास मंद गोड. माल ऑगस्ट ते ऑक्टोबर. हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, धुकं आणि गारठा. वर्षातून एक छाटणी, तीही थंडीत.

नाशिकला वेल झोपतच नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आल्यावर कळलं. थंडी तेवढी पडत नाही, त्यामुळे माणसाने कात्री घेऊन तिला सांगावं लागतं, बाई आता थांब. वर्षात छाटण्या दोन आणि पीक एकच. पावसाळ्यात फळ आलं तर कुजेल, म्हणून सगळं वेळापत्रक पाऊस संपल्यावरचं. इथल्या एका द्राक्षवाल्या शेजाऱ्याला मी हे सांगितलं तर त्याला पटेना. म्हणाला, मग तुमची वेल वर्षभर जागीच? म्हटलं, हो, मुंबईच्या लोकलसारखी.

उन्हाळकांदा
लोकलसुद्धा रात्री दोन-तीन तास झोपते हो.

रात्रपाळी
मी एका वायनरीत दोन हंगाम सेलरमध्ये, म्हणजे वाइन आंबवतात-मुरवतात त्या भागात, काम केलंय (नाव सांगत नाही, सोडून बरीच वर्षं झाली). मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग माझा आहे, तेव्हा उत्तर देतो.

एप्रिलमध्ये बाहेर छाटणी, आणि आत खरी गडबड. जानेवारी-फेब्रुवारीत तुटलेली पांढरी द्राक्षं, म्हणजे शेनिन ब्लाँ, सोविन्यॉन ब्लाँ, तोवर वाइन झालेली असतात. रस बारा ते सोळा अंशांत सावकाश आंबवतात, म्हणून दोन-तीन आठवडे लागतात. गरम झाला तर झटपट आंबतो, पण सुवास हवेत जातो. मग गाळ खाली बसू द्यायचा, वरची वाइन दुसऱ्या टाकीत घ्यायची, आणि टाकी जवळजवळ शून्याखाली नेऊन आठवडाभर ठेवायची. तळाशी साखरेसारखे चमकणारे खडे बसतात. टाकी रिकामी केल्यावर आत शिरून आम्ही ते खरवडायचो. ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार असतात. बाटलीत ते दिसले तर गिऱ्हाईक म्हणतं, काच पडलीय. काच नसते, निर्धास्त प्या.

म्हणजे ताई, ताज्या वर्षाची पांढरी आणि रोझे (गुलाबी वाइन) तुम्हाला एप्रिल-मेमध्ये मिळू शकते. बाटलीवर सालाचा आकडा बघा. लाल मात्र लगेच नाही. शिराझ, कॅबरने तेव्हा नुकत्या आंबून टाकीत किंवा पिंपात गेलेल्या असतात. कोणी ओळखीचं असेल आणि त्याने टाकीच्या छोट्या तोटीतून घोटभर दिली, तर घ्या, पण हिंमत करून. नवी लाल वाइन जिभेवर घोंगडी घासल्यासारखी लागते. रंग जांभळा गर्द, पेल्याला डाग पडतो. तीच सहा महिन्यांनी कशी होते ते बघितलं की विश्वास बसत नाही.

अजून एक. ओकचं पिंप २२५ लिटरचं असतं, आणि उन्हाळ्यात त्यातून वाइन जास्त उडते. लाकूड श्वास घेतं ना. दर आठवड्याला जाऊन प्रत्येक पिंप काठोकाठ भरायचं हे माझं काम. वर हवेची जागा राहिली की व्हिनेगरकडे प्रवास सुरू.

@घाटावरचा, एसी हॉलमध्ये बसण्यापेक्षा टाक्यांमध्ये जाऊन उभे राहायचं होतं. बाहेर अडतीस अंश आणि टाकी आतून बर्फगार, बाहेरून घाम फुटलेली. एप्रिलमध्ये सगळे पाहुणे माहिती ऐकायच्या निमित्ताने टाकीला पाठ टेकवून उभे असायचे.

घाटावरचा
हे आधी सांगायचं ना. माझे आठशे रुपये वाया गेले.

डोंबिवलीची_काकू
रात्रपाळी, हंगामात खरंच रात्रीच तोडतात का? तिथल्या मुलीने सांगितलं होतं, मला वाटलं सांगायची गोष्ट असेल.

रात्रपाळी
काकू, पहाटे नक्की. दुपारचं तापलेलं द्राक्ष आलं की रस वाटेतच आंबायला लागतो, आणि उष्णतेने आम्लही कमी होत जातं. आंबटपणा गेला की वाइन मिळमिळीत. मार्चमधल्या मालात ही भीती जास्त. म्हणून रोज बागेतून मणी आणून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचो. साधारण बावीस-तेवीस ब्रिक्स म्हणजे साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल होईल असा आमचा अंदाज. आणि टाकीत उतरण्याआधी हवा खेळवायची, कारण आंबताना कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. मेणबत्ती विझली तर माणूसही विझतो, असं आमचा मुकादम म्हणायचा.

सरळमार्गी_७२
सगळं छान चाललंय, पण कोणी तरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून मी घेतो. दारू ती दारू. आईवडिलांना दारूच्या कारखान्यात नेण्याचा हा कौतुकसोहळा मला समजत नाही. २०२२ साली किराणा-सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही हेच, "शेतकऱ्यांचं भलं". अण्णा हजारेंनी विरोध केला, आणि योग्यच केला.

उन्हाळकांदा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (द्राक्षं आंबट असल्यामुळे.)

बागाईतदार_निफाड
काका, मी माळकरी घरातला आहे. वडील दरवर्षी वारीला जायचे. तरी आमच्या चार एकरांत वाइनची द्राक्षं होती, त्याबद्दल सांगतो.

२००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं. वाइनला अबकारी सवलत, विंचूरला वाइन पार्क, तिकडे सांगलीत पलूसला दुसरा. गावात माणसं करारनामे घेऊन फिरायला लागली. थॉमसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, बागेला जीएच्या (मणी फुगवायच्या संजीवकाच्या) बुडवण्या, मण्यांची विरळणी, बायकांची मजुरी, निर्यातीचे नमुने असला सगळा उटारेटा. वाइनच्या बागेला त्यातलं निम्मंही नाही. किलोला भाव कमी, पण खर्चही कमी. वडिलांनी हो म्हटलं. डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळासाठी लावलेल्या जंगली वेलीवर) कलमं केली, पहिली काही वर्षं बरी गेली.

मग मंदी आली. आमचा ज्या कंपनीशी करार होता तिनं आधी उशिरा पैसे दिले, मग थोडे दिले, मग फोन उचलणं बंद केलं. माल बागेत उभा, मणी सुकायला लागलेले, आणि बाजारात तो खाणारं कोणी नाही, कारण डोंबिवलीच्या काकूंच्या सासूबाई म्हणाल्या तसं बीच जास्त! बेदाण्यालाही चालेना. शेवटी जेसीबी लावून दोन एकर उपटली. वडील त्या दिवशी बागेकडे आले नाहीत. राहिलेली दोन एकर आता दुसऱ्या वायनरीला जाते, पैसे वेळेवर मिळतात.

तेव्हा भलं झालं का, तर झालं आणि नाही पण. पण आमच्या बागेतला माल विष नाही एवढंच.

सरळमार्गी_७२
बागाईतदार, तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. माझा आक्षेप विक्रीच्या जागेला आहे, बागेला नाही. आणि तो निर्णय पुढे सरकला नाही, याचं मला समाधान आहे, ते राहू द्या.

सॅक्रामेंटोकर
काका, एवढ्या शांतपणे वाद संपलेला धागा मी इथे पहिल्यांदा पाहतोय.

चष्मिष्ट
एक कळकळीची सूचना. मागच्या मे महिन्यात आम्ही इगतपुरीकडे, मुकणे धरणाच्या बाजूच्या एका वायनरीतून सहा बाटल्या घेतल्या. गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि जेवायला थांबलो. जेवण, मग भावली धरण, मग "एक चहा". चार तास गाडी उन्हात. घरी आल्यावर बघतो तर एका बाटलीचं बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं आणि लेबल चिकट. दोन दिवसांनी उघडली, तर चव शिजवलेल्या मनुकांची. नवऱ्याने सगळी बाटली रश्शात घातली. रस्साही बरा नाही झाला.

तेव्हा थर्माकोलचा डबा न्या, बर्फाची पाकिटं न्या, आणि बाटल्या सगळ्यात शेवटी घ्या.

उन्हाळकांदा
मी कांदा चाळीत ठेवतो, त्याच्यावर तुमच्या डिकीपेक्षा जास्त सावली असते.

बहावाप्रेमी
कोणी बागांबद्दल बोलतच नाही. म्हणजे द्राक्षाच्या नाही, फुलांच्या. एप्रिलच्या मध्यापासून नाशिककडे बहावा पिवळा व्हायला लागतो, गुलमोहर त्याच्या मागोमाग. बोगनवेल तर ऊन जेवढं तेवढी फुलते. आमच्या एका ओळखीच्यांच्या बागेत द्राक्षांच्या ओळीच्या तोंडाशी गुलाब लावलेत. मला वाटायचं शोभेला.

बागाईतदार_निफाड
शोभेलाच म्हणा आता. जुनी पद्धत अशी की भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, आधी गुलाबावर दिसते, मग शेतकरी सावध होतो. गुलाबाची भुरी वेगळी आणि द्राक्षाची वेगळी, एकाची दुसऱ्यावर जात नाही. पण हवा दोघींना सारखीच मानवते, म्हणून इशारा मिळायचा. आता आम्ही मोबाइलवर हवामान बघतो. गुलाब लग्नाच्या फोटोला उपयोगी पडतात.

डोंबिवलीची_काकू
लग्नावरून आठवलं. सावली, तुम्ही काय ठरवलंत मग?

सावली_शोधते
जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण लग्न आणि त्यानंतरचा सत्यनारायण.

सकाळी सातला निघालो, काकूंनी पाच वाजता सांगितलं होतं, पण संध्याकाळी हळद होती. गंगापूरच्या बाजूलाच गेलो. चवीचा हॉल उघडायला बराच अवकाश होता, म्हणून तिथल्या एका मुलाला विचारलं, छाटणी कुठे चालू आहे का? तो आधी हसला. मग म्हणाला, चला. खालच्या अंगाला सात-आठ बायका आणि तीन पुरुष कात्र्या घेऊन. कात्रीचा आवाज सगळीकडून, टच्, टच्, आणि पायाखाली काड्यांचा थर. बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यांना प्रत्येक कापाचा कोन दिसत होता. एका मावशींना विचारत होते, इथेच का कापता, एक बोट वर का नाही? मावशींनी बाबांच्या हातात कात्री दिली. बाबांनी एक काडी कापली. मावशींनी ती बघितली आणि परत स्वतः अर्धा इंच खाली कापली.

आईने आदल्या दिवशीच्या ओळीत जाऊन थेंब शोधला. सापडला. बोटावर घेऊन चाखलासुद्धा. काही चव नाही म्हणाली, पाणीच.

मग टाक्या. रात्रपाळी दादा, आम्ही चौघंही टाकीला पाठ टेकवून उभे होतो, तुमची आठवण काढली. मी या वर्षीचं सोविन्यॉन ब्लाँ प्यायले. पेरू, आणि मागून हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यासारखा वास. नवऱ्याला कैरी वाटली. बाबांनी पेला नाकाला लावून खाली ठेवला, पण दोनदा लावला हे मी पाहिलं. आईने घेतलं नाही, पण बेदाणे विकत घेतले. दोन बाटल्या थर्माकोलमधून सुखरूप ठाण्याला आल्या. चष्मिष्ट, धन्यवाद.

आता एक नवा प्रश्न. बाबांनी विचारून पाच-सहा छाटलेल्या काड्या पुण्याला नेल्यात. गच्चीत कुंडीत लावल्यात आणि रोज सकाळी बघतात. येईल का काही?

घाटावरचा
मी हरलो. पुढच्या एप्रिलला सकाळी सातला जातो.

बागाईतदार_निफाड
काडी पेन्सिलीएवढी जाड आणि पक्व असेल, दोन डोळे मातीत, दोन वर, आणि दुपारी सावली, तर फुटेल. पण आधी पान फुटतं आणि मूळ नंतर धरतं. पान बघून खूश झाले की पंधरा दिवसांत सुकते आणि माणूस हिरमुसतो. त्यांना सांगा, पान आलं तरी काडी उपटून मूळ बघू नका.

सावली_शोधते
दादा, उशीर झाला. काल एक उपटून बघितली.

उन्हाळकांदा
आणि परत अर्धा इंच खाली लावली असेल.